चिखलासाठी घडलेली चिंबोरी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चिंबोरी आहे. तुम्ही खेकडा म्हणत असाल तर म्हणा बापडे. आमच्या बदलापूरकडे चिंबोरीच. आठ पाय, पोटात स्कूटरची बॅटरी, पाठीवर ओझं ठेवायला पत्रा. सोनिवलीतल्या एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे पडून आहे. कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते.

माझा जन्म शहाऐंशीच्या सुमारास अंबरनाथ पूर्वेच्या एका कॉलेजात झाला. भीमराव सर तिथे शिकवायचे आणि सोनिवलीच्या आगरी शेतकऱ्याचा मुलगा भगवंत पदवीसाठी त्यांच्या हाताखाली संशोधन करायचा. सरांचं एकच वेड होतं. चालणारं यंत्र करायचं, तर आधी चालणाऱ्या जिवाला विचारायचं. भाताच्या खाचरात ट्रॅक्टर रुततो, चिंबोरी का रुतत नाही? मग काय, घमेल्यात चिखल कालवून त्यात चिंबोऱ्या सोडायच्या आणि दोघांनी उकिडवं बसून तासन्‌तास बघायचं! भगवंताने एकदा त्यातली सगळ्यात गुणी चिंबोरी घरी नेली, तर सकाळी घमेलं रिकामं.

"मना काय ठाव ती कालेजची हाय?" त्याची आई मोतीबाई म्हणाली. "मी घातली कालवनात!"

सर पोट धरून हसले आणि पुन्हा नव्या चिंबोऱ्या आल्या. अखेर गुपित सापडलं. सगळी करामत पायाच्या टोकाची होती. अणकुचीदार टोक चिखलात अलगद शिरतं आणि तिरकं ओढलं की अलगद सुटतं. झालं, एमआयडीसीतल्या भंगाराच्या नळ्यांचे माझे पाय झाले. उल्हासनगरला मोटार घेताना दुकानदार म्हणाला, "साईं, इससे मिक्सर चलेगा, केकडा नहीं!" पण मी चालले हो!

आषाढात, लावणीच्या दिवसांत भगवंताने मला खाचरात सोडलं. पाठीवर रोपांच्या मुठी घेऊन मी या बांधापासून त्या बांधापर्यंत तिरकी तिरकी गेले. बायका लावणी सोडून ओरडायला लागल्या. मोतीबाईने मला हळदकुंकू वाहिलं. इतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही. सर मात्र त्या दिवशी परीक्षकांना बोलवायला मुंबईला गेले होते.

"आता परीक्षकांना घेऊनच खाचरात येतो," परतल्यावर ते म्हणाले. "तोवर मीही बघणार नाही. सगळे मिळून बघू." लहान मुलासारखा हट्ट!

परीक्षक आले. चकाचक बूट घालून. चिखलाचं नाव काढताच म्हणाले, "इथे हॉलमध्येच दाखवा ना." गुळगुळीत फरशीवर माझी टोकं सटासट सरकली आणि मी उताणी पडले. हॉल हसला. "सुधारून ठेवा, परत येऊ," म्हणून गेले.

सरांनी सांगितलं, "परीक्षेपुरत्या रबराच्या टोप्या घाल, नंतर काढून टाक." पण टोप्या टोकावर ठरेनात. भगवंत घायकुतीला आला होता. घरात पहिला शिकलेला तोच, सगळं गाव डोळे लावून बसलेलं. त्याने मला ओळखीच्या कारखान्यात नेलं, आठही टोकं ग्राइंडरवर घासून बोथट केली आणि वर टोप्या ठोकल्या. ठिणग्या उडत होत्या आणि मला ओरडायला तोंड नव्हतं. सरांना तो काही बोलला नाही.

दुसऱ्या खेपेला मी फरशीवर झोकात चालले. टाळ्या पडल्या. मग एका परीक्षकाने चष्मा पुसत विचारलं, "छान. पण फरशीवर चालायला चाकं आहेत की. हिचा उपयोग काय?"

सर चिखलाबद्दल सांगत राहिले, पण ऐकतंय कोण? पदवी हुकली. भगवंत एमआयडीसीत शिफ्टला लागला. सरांनी त्यानंतर एकही विद्यार्थी घेतला नाही. मी गणपतीच्या देखाव्यात थर्माकोलच्या समुद्रात पाय हलवत राहिले. लोक कौतुक करायचे, पण ते कौतुक माझ्या मनाला लागायचं.

बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले, खंगले आणि एका पावसाळ्यात काठी टेकत सोनिवलीला आले. "भगवंता, एकदा तिला चिखलात बघू दे रे."

भगवंताचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्याने नवी बॅटरी घातली, टोप्या काढल्या, मला खाचरात ठेवलं. पहिल्याच पावलाला मी पोटापर्यंत रुतले. मोटार नुसती कण्हत राहिली. सर काठी टाकून चिखलात उतरले. त्यांनी माझा पाय उचलला, टोकावरून बोट फिरवलं.

"घासलीस?"

"पास व्हायचं होतं, सर." भगवंत लहान मुलासारखा रडायला लागला. "नवी टोकं लावतो. पुढच्या पावसात चालवून दाखवतो."

"तुला नापास झालं तरी चालेल, हे मीच कधी सांगितलं नाही रे," सर म्हणाले. "माझंच चुकलं."

पुढचा पाऊस सरांनी पाहिला नाही, आणि नवी टोकं राहूनच गेली. खाचरावर मुरूम पडला, इमारत उभी राहिली. तिच्याच गच्चीवर मी आहे.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. पण तुमच्या हाताखाली कुणी शिकत असेल, तर त्याला पडायची मुभा द्या, आणि ती वेळेवर द्या. भगवंत कधीमधी वर येतो, टाकीतलं पाणी बघतो आणि माझ्याकडे न बघता खाली जातो.