खिळ्यावरच्या गार्डाचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना गार्ड आहे. ग्राइंडरची चकती गरगर फिरते ना, तिच्यावर अर्ध्या चंद्रासारखी बसते ती लोखंडी टोपी म्हणजे मी. मलकापुरात आप्पासोंचं उसाच्या ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप आहे. तिथे मी आणि ती मशीन एकाच खोक्यातून आलो, जुळ्या भावंडांसारखे.

सुरुवातीचे माझे दिवस सोन्याचे होते. चकती लोखंडाला भिडली की ठिणग्यांचा झोत मी पोटात घ्यायचो. तापून निळा पडायचो, पण आप्पासोंच्या हाताला चटका लागू द्यायचो नाही. मग एकदा ट्रॉलीच्या कोपऱ्यात मी अडलो. "ह्येची लय अडचण व्हतीया," म्हणत आप्पासोंनी माझा स्क्रू ढिला केला आणि मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. संध्याकाळी बसवतो म्हणाले. ती संध्याकाळ काही आली नाही.

टांगल्या जागेवरून मी बघत राहायचो. मशीन रोज पुसली जायची. नवी ट्रॉली रस्त्याला लागली की गिऱ्हाईक म्हणायचं, "काय मशीन हाय गड्या!" माझ्या पोटात कोळ्यानं घर केलं होतं. तिची प्रत्येक घरघर मला टोचायची.

खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. आप्पासोंचं घासकाम चाललेलं, तेवढ्यात लाईट गेली. मशीन हातातच गप्प झाली. त्यांनी ती तशीच टेबलावर ठेवली. बटण पुढे ढकललेलं, म्हणजे चालूच, प्लग बोर्डात. "लाईट न्हाई तवर पूजा उरकूया," ते म्हणाले.

राहीबाई, त्यांची कारभारीण, ताट घेऊन आल्या. वेल्डिंग करणारी त्यांची लेक पल्लवी हार घेऊन आली.

"आबा, मशिनीला एवढा हार, आन् आईला साधा गजरा तरी?"

"आगं, सवत हाय ती माझी," राहीबाई हसल्या. "आवं, सवतीला कुंकू लावाय लावताय व्हय मला!"

"धाकली हाय, सांभाळून घे," आप्पासो म्हणाले.

पिवळाधमक हार मशिनीच्या गळ्यात पडला. मी जळून कोळसा झालो. राहीबाईंनी कुंकवाचं बोट चकतीकडे नेलं, आणि लाईट आली.

चकती उघडीच होती. तिनं हाराचा दोरा गर्रकन ओढला, मशीन उसळली, झेंडू भिंतीपर्यंत उडाले. हिरवा चुडा फुटला. पल्लवीनं धावत जाऊन खटका पाडला, प्लग उपसला, तोवर राहीबाईंचा तळहात चिरला होता.

कराडला दवाखान्यात टाके पडले. दोन बोटं अजून पुरती वळत नाहीत. भाकरी आता आप्पासो थापतात, वेड्यावाकड्या.

त्या हाताच्या आणि चकतीच्या मधली जागा माझी होती, मित्रांनो. हारासाठी जळणारा मी, त्या दिवशी जागेसाठी जळलो.

पुढे पल्लवीनं मला खिळ्यावरून काढलं, कोळ्याचं घर झाडलं. ती मला बसवायला लागली, तेव्हा राहीबाई म्हणाल्या, "थांब गं. आदी पलग काड. हितं दे माझ्या हातात. मग घाल मशिनीला हात."

तेव्हापासून चकती बदलायची असो की मला आवळायचं असो, आधी प्लग निघतो. लाईट गेली तरी आधी बटण मागं, मग प्लग बाहेर. तुम्हीही असंच करा. लाईट गेली म्हणून मशीन मेली असं समजू नका. ती नुसती दबा धरून असते. आणि अडचण होते म्हणून माझ्यासारख्याला खिळ्याला टांगू नका.

मला माझी जागा मिळाली. तरी खरं सांगू? काम होईस्तोवर राहीबाई शेजारी बसून राहतात आणि त्यांच्या टाक्यांच्या तळहातात तो प्लग ऊबदार निजलेला असतो. त्याला क्षणभरही सोडत नाहीत. मी त्याच्याकडे बघतो, आणि मला हेवा वाटतो.