पहिला तारा

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हा ब्रोन्याचा पोलिश रिवाज. आज मात्र कझाक माळावर धुकं असं दाटलं होतं, की घर ढगात तरंगतंय असं वाटावं. बीटाचं सार निवत चाललं होतं. अवचित वाटसरूसाठी मांडलेलं जादा ताट दरवर्षीसारखं रिकामंच होतं.

"तारा!" म्हणत ब्रोन्याच्या नवऱ्याने मासळीला हात घातला.

"डोळे फुटले का तुमचे? हलतोय तो!"

हलत हलत तारा दारात आला. शेजारची कुल्याश कंदील घेऊन कुडकुडत उभी होती.

"वाट चुकले गं, ब्रोन्याताई. घरच सापडेना. जेवताय होय? जाते मी."

ब्रोन्याने तिच्या हातातला कंदील घेऊन खिडकीत टांगला आणि रिकामं ताट वाढायला घेतलं.

"उगवला एकदाचा. बस."