डावी कड

“काका, हे निळा उजेड अडवणारे चष्मे डोळे वाचवतात, की नुसतं तुमचं दुकान?”

विचारलं! मैत्रिणींनी पैज लावली होती, की चष्मेवाल्याच्या तोंडावर हे विचारायची भोंगाची छाती होणारच नाही. तिला घरीदारी सगळे भोंगाच म्हणायचे. पूर्वी तिला त्याचा राग यायचा. वक्तृत्वस्पर्धेत पहिली आल्यापासून मात्र ती स्वतःच फुशारकीनं ते नाव सांगायची.

चष्मेवाले काका खो खो हसले. “दुकान तर वाचतंच, बाई! डोळे का चुरचुरतात सांगू? स्क्रीन बघताना माणूस पापणी मिटायलाच विसरतो. त्याला चष्मा काय करणार? पण मी ‘नको’ म्हटलं, की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.”

“ऐका, बाबा!”

“मी ऐकून काय करू? हुकूम तुझ्या आईचा आहे,” बाबा म्हणाले.

हुकूमच होता तो. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून ते लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग पुसायचे आणि फ्लॅशनं लाल झालेले डोळे काळे करायचे. आई काउंटर सांभाळायची. पण हल्ली एक विचित्रच प्रकार चालला होता. ग्रुप फोटोतले सगळे चकचकीत व्हायचे, फक्त डाव्या कडेचे लोक जसेच्या तसे राहायचे. परवा एका शाळेचा फोटो परत आला. कडेच्या बाईंचे डोळे भुतासारखे लालभडक! आईनं कपाळावर हात मारला. “त्या स्क्रीननं तुमचे डोळे खाल्ले. चष्मा आणल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका.” आणि फ्रेम निवडायला भोंगाला सोबत धाडलं, कारण बाबांची निवड म्हणजे आनंदीआनंद.

पहिल्या फ्रेममध्ये बाबा घुबड दिसले, दुसरीत हेडमास्तर. तिसरी मात्र त्यांना झकास बसली.

“आरसा द्या की,” बाबा म्हणाले.

काकांनी आरसा केव्हाच पुढे धरला होता. बाबांच्या डाव्या खांद्याजवळ, अगदी हाताच्या अंतरावर.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा!” भोंगा खिदळली.

काका हसले नाहीत. त्यांनी बाबांना स्टुलावर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि म्हणाले, “माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसलं की बोला.” उजवीकडून बोट आलं, बाबा लगेच बोलले. डावीकडून आलं. येत राहिलं. पार नाकापाशी पोचलं, तेव्हा कुठे बाबा म्हणाले, “हां, दिसलं.” मग दुसरा डोळा झाकला. पुन्हा तेच.



“दोन्ही डोळ्यांना डावी बाजूच दिसत नाहीये,” काका हळू आवाजात म्हणाले. “म्हणजे दोष डोळ्यांत नसावा, मागे असावा.” त्यांनी स्वतःच्या डोक्याला बोट लावलं. “मी डॉक्टर नाही. पण आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. हा चष्मा तुम्हाला विकायला माझं मन घेत नाही.”

“थकवा आहे हो नुसता,” बाबा म्हणाले. “बांधून द्या.”

रस्त्यावर आल्यावर ते चालता चालता म्हणाले, “आईला यातलं काही बोलायचं नाही. डॉक्टर लोक एकदा डोक्यात शिरले की संपलं. स्टुडिओ कोण चालवणार?”

“पण बाबा...”

“भोंगा, एकदा तरी गप्प बसशील? माझ्यासाठी?”

बाबांनी आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिनं मान डोलावली. 

तेवढ्यात बाबांनी फुटपाथवरून पाय खाली टाकला. डावीकडून, चुकीच्या बाजूनं, बॅटरीवरचा टेम्पो सुसाट येत होता, आवाज न करता. भोंगानं त्यांची कॉलर धरून खच्चून मागे ओढलं. ड्रायव्हर शिवी हासडून निघून गेला.

“कुठून उगवला हा?” बाबा शर्ट नीट करत म्हणाले.

रस्ता सरळसोट होता. टेम्पो तिला लांबूनच दिसला होता.

घरी आईनं स्वतःच्या हातानं बाबांना चष्मा चढवला. “अगं बाई, हिरो दिसताय की! चला, आता तो शाळेचा फोटो पुन्हा करून टाका.” तिनं त्यांना ओढतच कॉम्प्युटरसमोर बसवलं. “कसं दिसतंय?”

“लख्ख,” बाबा म्हणाले. “सगळं लख्ख दिसतंय.”

डाव्या कडेला त्या बाई लाल डोळ्यांनी तशाच उभ्या होत्या. बाबांनी वळून भोंगाकडे पाहिलं. ती नजर एवढी केविलवाणी होती, की क्षणभर तिला वाटलं, राहू दे. आई किती खूश आहे!

“चहा टाकते,” आई म्हणाली.

“नको टाकूस,” भोंगा म्हणाली. तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. “आई, बाबांना डावीकडचं काही दिसत नाही. चष्म्यानं काही होणार नाही. आजच दवाखान्यात न्या म्हणून काकांनी सांगितलंय, आणि आत्ता ते टेम्पोखाली येता येता वाचले. बाबा, मी मान डोलावली होती, माहितीये मला. आता आयुष्यभर बोलू नका माझ्याशी, चालेल. पण मी ठरवलंय. मी रिक्षा आणायला चाललेय. ती दारात येईपर्यंत तुम्ही दोघं उठला नाहीत, तर सगळी गल्ली गोळा करीन.”