पलीकडून त्रेपन्न

मित्रांनो, ओळख करून द्यायची तर मी एक जुना कापडी तक्ता आहे, तीन खिशांचा. सध्या वर्गातल्या लोखंडी कपाटावर घडी होऊन पडलोय. वर धूळ आहे आणि खाली जुन्या उत्तरपत्रिका आहेत. त्याचं मला सुख नाही की दुःख नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती तुम्हाला सांगतो.

मी मुळात एक चादर. दुसरीच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या बाईंच्या सासूबाईंनी मला कापला आणि मशीनवर शिवला. शिवताना त्यांनी विचारलं, "शाळेला खिसे कशाला लागतात गं?"

"मुलांना मोजायला शिकवायचंय, आई."

"मग बोटं काय झाली त्यांची?"

"दहाच आहेत ना."

सासूबाई हसल्या आणि तिसऱ्या खिशाला दुहेरी शिवण मारली. डावीकडून शतक, दशक, एकक, अशी अक्षरं बाईंनी रंगवली आणि मी शाळेत आलो.

खेळ साधा होता. फासा टाकायचा, पडेल तितक्या आईस्क्रीमच्या काड्या एककाच्या खिशात घालायच्या. दहा झाल्या की सगळ्यांनी "बांधा" म्हणायचं, रबर लावून जुडी करायची आणि ती शेजारच्या दशकाच्या खिशात सरकवायची. दहा जुड्या झाल्या की त्यांचा गठ्ठा शतकात. शेवटी खिशांत जे दिसेल ते पाटीवर लिहायचं. "ए, अकरा झाल्या तुझ्या, बांध की." "बांधतोय, रबर तर दे आधी." असा दिवसभर कलकलाट. दुसऱ्या शाळांच्या बाई मला बघायला यायच्या, कापड चिमटीत धरून बघायच्या, वा वा म्हणायच्या. मी भिंतीवर टांगलेला असायचो.

मग वर्गाला रंग दिला. नव्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असं मोठ्या बाईंनी बजावलं. तेव्हापासून मला जमिनीवर अंथरू लागले आणि मुलं चारी बाजूंनी बसू लागली. त्यांचं काही अडलं नाही. भिंतीवरचा मी त्यांना पाठ झालो होतो.

त्याच सुमारास वर्गात एक नवी मुलगी आली. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणत. धाकट्या भावाला बालवर्गात सोडून ती यायची, त्यामुळे रोज उशीर. तोवर चांगल्या जागा गेलेल्या असत. उरायची ती दाराकडची, माझ्या वरच्या अंगाची, बाईंच्या बरोब्बर समोरची.

जुड्या बांधण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. दहा म्हणजे दहाच, नऊ नाही की अकरा नाही. पण पाटीवर लिहायची वेळ आली की घोटाळा. माझ्यात तीन जुड्या आणि पाच सुट्या काड्या असल्या, तर सगळ्यांच्या पाटीवर ३५ आणि तिच्या पाटीवर ५३.

"त्रेपन्न कुठून आणलेस गं?" शेजारचा मुलगा म्हणायचा. "घरून डब्यात आणलेस का?"

बाई विचारायच्या, "अगं, नीट बघ. काय दिसतंय?"

"असंच दिसतंय, बाई."

वर्ग हसायचा. मला तेव्हाही कळत होतं. तिच्या बाजूनं मी उलटा होतो, एककाचा खिसा तिच्या डाव्या हाताला येत होता. जे दिसत होतं तेच ती लिहीत होती. बावीस आले, चव्वेचाळीस आले की तिचं उत्तर बरोबर यायचं, आणि बाई म्हणायच्या, "बघा, लक्ष दिलं की येतं." मी कापड. पडून राहिलो.

सहामाहीनंतर मोठ्या बाईंनी ठरवलं, हिला संख्या येत नाहीत, हिला पहिलीत बसवा. पिटुकलीनं दप्तर उचललं, पाटी पुसली आणि गेली. पहिलीच्या मुलांनी तिला ताई म्हणायला सुरुवात केली, असं कानावर आलं.

महिन्याभरानं तिची आई आली. ती बटणांच्या कारखान्यात पाकिटं भरायची. रागावलेली वाटली नाही. दमलेली होती.

"घरी माझ्याबरोबर दहादहा बटणांच्या पुड्या बांधते, बाई. एक चूक होत नाही. मग इथंच काय होतं?"

"लिहिताना उलटं लिहिते हो. किती समजावलं."

"कुठं बसायची ती?"

"ही इथं. दारापाशी."

खेळ नुकताच संपला होता, मी अंथरलेलाच होतो. आई चपला काढून दारापाशी खाली बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्यात दोन जुड्या होत्या आणि सात सुट्या.

"बाई, जरा इकडं येता?"

बाई आल्या आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या. वर्गातला पंखा फिरत होता. बाईंच्या ओठांवर आधी सात आले, मग दोन.

दुसऱ्या दिवशी पिटुकली दुसरीत परत आली. बाईंनी तिला आपल्या शेजारी बसवलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "चूक माझी होती, हिची नाही." मुलांनी ऐकलं आणि फासा मागितला.

त्या दिवशी माझ्यात चार जुड्या आणि सहा काड्या होत्या. आता मी तिला सुलटा दिसत होतो. तिनं खडू उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि मग हळूच मान वळवून शेजारच्या मुलाच्या पाटीत बघितलं. नंतर ४६ लिहिलं. उरलेलं वर्षभर ती असंच करत राहिली. तिचं उत्तर एकदाही चुकलं नाही, आणि एकदाही तिनं ते आधी लिहिलं नाही.

वर्ष संपलं. नवे छापील तक्ते आले आणि मी कपाटावर गेलो. मित्रांनो, मला खाली काढा, धुवा, इस्त्री करा, असं मी म्हणत नाही. माझं मेलं काय जातंय. पण तुमच्यापैकी कोणी उद्या धाकट्या भावंडाला शिकवायला बसेल, कोणी खरंच बाई किंवा सर होईल. तेव्हा समोरच्याचं उत्तर चुकलं, तर पुन्हा तेच समजावू नका. उठा, त्याच्या बाजूला जाऊन बसा आणि तिथून काय दिसतंय ते बघा. तेही लवकर. महिनाभर थांबलात, तर उत्तर सुधारेल, पण ते लिहिणारा आधी दुसऱ्याच्या पाटीत बघेल.