हरकतीची पाटी

आमच्या किरिबाटीचा समुद्र अफाट आणि जमीन मूठभर. त्या समुद्रातला ट्यूना कोणी किती धरायचा, हे मत्स्य आयोग ठरवतो. बोटीवाले बडे देश आणि आम्ही बेटवाले, सगळेच त्याचे सभासद. शास्त्रज्ञांची एक समिती माशांचा अंदाज बांधते, दुसरी नियम मोडणाऱ्या बोटींचा निवाडा करते, आणि निकाल वर्षअखेरच्या सभेत लागतो. मतदान नाही, एका जरी देशाने हरकत घेतली तरी ठराव अडतो. कागदावर किती गोंडस दिसतं हे!

तोरोमोन आयोगाचा निरीक्षक होता. परक्या बोटीवर राहून जाळ्यात काय येतं ते बघायचं, हे त्याचं काम. एका फेरीहून तो परतलाच नाही, आणि ती बोट बंदीच्या यादीत गेली. यंदा त्या बोटीच्या देशाने ठराव आणला, की चौकशी झाली, यादीतून तिचं नाव काढा. आम्ही सभेला निघालो तेव्हा तोरोमोनच्या बायकोने, नेई तेरेंगाने, आमच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखाचे हात धरले.

"आजोबा, ती बोट पुन्हा आपल्या पाण्यात नको."

आमचे प्रमुख तेन ब्वेनावा. गावच्या सभाघरात, मानेआबात, त्यांनी मान खाली घालून गप्प बसायचा अवकाश, तो विषय संपलाच. पुढे रेटायची कोणाची टाप नाही.

आयोगात हरकत असेल तर देशाच्या नावाची पाटी उभी करायची असते. विमानात मी त्यांना हे दोनदा सांगितलं होतं. पण जन्माची सवय एका प्रवासात जाते होय? अध्यक्षबाईंनी हरकत विचारली. ब्वेनावांनी हाताची घडी घातली आणि मान खाली घातली. इतका कडक नकार मी कधी पाहिला नव्हता. मागच्या रांगेत बसलेल्या माझ्यासारख्याला बोलायची मुभा नसते. मी त्यांची बाही ओढली, तोवर हातोडा पडला. मंजूर.

"अध्यक्षबाईनं माझ्याकडं बघितलं होतं की रे," बाहेर आल्यावर ते म्हणाले. मला त्या बाईचा राग आला, म्हाताऱ्याचा आला, माझाही आला.

गावी परतलो तेव्हा तेरेंगा दारातच उभी होती. आपला विषय निघाल्यावर तुम्ही काय केलंत, असं तिने विचारलं.

"गप्प बसलो," ब्वेनावा म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. आजोबांनी बोट अडवली, असं पोरांना सांगायला ती आत वळली.

"थांब, पोरी," ते म्हणाले. "तिथं बोलायला लागत होतं."