बिननावाची दोरी

मी दोरी बोलतेय. सकाळी फांदीजवळ 'टक्' असा आवाज झाला आणि मी दचकले. मला दचकायला तसं फार लागत नाही, पाखरू बसलं तरी पुरतं. पण या वेळी माझ्या तीन पेडांपैकी एक खरंच तुटला होता.

मी मूळची नावेची. फ्रान्समधल्या क्रझ नदीवरच्या एका कोळ्याने मला वापरून फेकलं आणि गावातल्या पोरांनी उचलून या अक्रोडाला टांगलं. कितीतरी उन्हाळे मी त्यांना झोका देऊन नदीत भिरकावलं. कुणी नाकात पाणी जाऊन रडलं, कुणी पहिल्यांदा कुणाचा हात धरला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग सिनेमावाले आले. दिग्दर्शिका माएली चोवीस वर्षांची. पहिलाच सिनेमा, त्यामुळे नखं कुरतडून संपलेली. गोष्ट एका वयात येणाऱ्या मुलीची. शेवटी ती माझ्यावर झोका घेऊन नदीत उडी मारते. ते काम पंधरा वर्षांच्या निनॉनचं.

"हीच हवी," माएली माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. नाव घेतलं नाही. मला वाटलं, विसरली असेल.

छे. नाटक-सिनेमाच्या जागेवर माझं नाव काढणं हे लोक अशुभ मानतात. चुकून निघालंच, तर सगळ्यांना पाजावं लागतं. म्हणून मी कुणाची 'ती', कुणाची 'ते वरचं', तर आवाज टिपणाऱ्या यानिकची 'मावशी'.

पेड तुटल्यापासून मी ओरडत होते. कर्र, कर्र. यानिकने कानावरचा ऐकायचा डबा सारला. "मावशीचे गुडघे फार वाजतात बुवा." आणि माइकच्या लांब काठीला साबण बांधून त्याने खालूनच माझी गाठ चोळली. माझी वाचाच बसली.

ऊन कललं. उद्या मंडळी पॅरिसला परतणार, म्हणजे उडी आजच हवी. निनॉनने मला धरलं. हात गार होते तिचे. खाली काठालगत खडक, आणि वर माझा दुसरा पेड उसवत चाललेला.

मग मी पोरांशी करायचे ती जुनी खोडी काढली. गर्रकन फिरले. निनॉनची पाठ कॅमेऱ्याकडे.

"पाठ दाखवायला घेतलंय का तुला?" म्हणत माएली आली, तिला वळवलं, "चल" म्हणाली आणि सहज वर बघितलं.

"निनॉन, ती... ते वरचं..."

"हो गं, घट्ट धरलंय," म्हणत निनॉनने टाच उचलली.

माएलीने डोळे मिटले.

"दोरी! निनॉन, दोरी सोड, दोरी तुटतेय!"

निनॉन धपकन गवतात बसली. मी तुटून तिच्या मांडीवर येऊन पडले.

"दोनदा म्हणालीस," यानिक म्हणाला. "दोनदा पाजायचं."

तीनदा. माझं नाव आहे, मी मोजणारच.