उजवं की डावं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जैनब कुरेशी ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत नापास झाली. तिच्या हातात दंडाचं हाड होतं. ह्यूमरस हे नाव बरोबर आलं, वरचा गोल माथा बरोबर, स्नायू चिकटण्याच्या जागा बरोबर. मागून वळसा घेत जाणाऱ्या नसेची खाच तर तिने न विचारता दाखवली. मग परीक्षकांनी विचारलं, "बाजू?"

"उजवी."

हाड डावं होतं.

"अहो, आपण बसवलेला हात घेऊन माणूस घरी गेला, तर घास पाठीत जाईल त्याचा," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

हे १९८४ च्या मे महिन्यात घडलं. पुण्यातल्या त्या मेडिकल कॉलेजात एक नियम होता, कुठेही न छापलेला: बाकी सगळं येवो, हाडाची बाजू चुकली की नापास. पुढची परीक्षा ऑक्टोबरात होती. तेव्हाही बाजू चुकली, तर वर्ष जाणार होतं. वर्ष गेलं तर कॉलेज सोडायचं, हे जैनबने मनाशी पक्कं केलं होतं. घरी ते कुणाला माहीत नव्हतं. फक्त हेमाला, तिच्या वर्गमैत्रिणीला, तिने सांगितलं होतं.

कुरेश्यांचं घर हडपसरला. पुढे तिच्या वडिलांचं, दादामियाँचं, मटणाचं दुकान, मागे दोन खोल्या. अभ्यासासाठी आणलेला माणसाच्या हाडांचा संच एका उशीच्या अभ्र्यात घालून ट्रंकेत ठेवलेला असे. जैनबच्या आईचा, कमरजहांचा, त्याला विरोध नव्हता. मात्र तो अभ्रा जमिनीवर ठेवलेला तिला चालत नसे. "कुणाच्या तरी पोटचं आहे ते," एवढंच म्हणायची आणि खाली जाड चादर अंथरायची.

हेमा जुलैपासून दर गुरुवारी येऊ लागली. ती अभ्र्यातून एकेक हाड काढी आणि जैनब बाजू सांगे. विचार करायला वेळ दिला की बहुतेक बरोबर यायच्या. पण परीक्षेत एवढा वेळ कोण देतो? सप्टेंबरात एकदा हेमाने घड्याळ समोर ठेवलं आणि प्रत्येक हाडाला पाच सेकंद दिले. वीस हाडं झाली. सतरा चुकली.

"सतरा!" जैनब कपाळाला हात लावून बसली.

हेमाने वहीतल्या खुणा पुन्हा मोजल्या. "अगं, डोळे मिटून ठोकून दिली असतीस, तरी दहा बरोबर आली असती. सतरा चुका म्हणजे तुला येत नाही असं नाही. तुला उलटं येतंय. हे कुठून शिकलीस?"

जैनब हाडं अभ्र्यात भरू लागली.

याचं उत्तर रविवारी मिळालं. रविवारी दुकानावर पहाटेपासून गर्दी असे आणि जैनब लहानपणापासून त्या दिवशी बापाच्या हाताखाली उभी राही. मटण कागदात बांधायचं, गिऱ्हाइकाला द्यायचं. दादामियाँ सांध्यावर सुरा चालवण्याआधी अंगठ्याने चाचपत आणि नेमक्या फटीत पातं सरकवत. हाड तोडायचं नाही, सोडवायचं, असा त्यांचा खाक्या. सांधा कुठे असतो हे जैनबला वाचता येण्याआधी कळत होतं.

शेजारच्या मांजरी गावचे दत्तोबा हे जुनं गिऱ्हाईक. ते मटण कमी आणि बोलणं जास्त न्यायचे.

"काय डॉक्टरीणबाई, नळी कंच्या पायाची देताय?"

जैनबने आकड्याला टांगलेल्या बकऱ्याकडे ओझरतं पाहिलं. "उजव्या."

दादामियाँचा सुरा तिथेच लागलेला होता.

"मंग परीक्षेला काय बकरू टांगत न्हाईत व्हय?" दत्तोबा म्हणाले. दुकान हसलं. नापास झाल्याची बातमी मांजरीपर्यंत गेली होती तर.

जैनब हसली नाही, रागावलीही नाही. दुकानात आपण कधीच चुकत नाही, ही गोष्ट तिच्या आत्ता ध्यानात आली होती.

बारा वाजता गर्दी ओसरली तेव्हा तिने अब्बांना सगळं सांगितलं. सतरा चुका, हेमाचं बोलणं, सगळं. दादामियाँ चौथी शिकलेले. त्यांनी त्या हाडांना कधी हात लावला नव्हता. "दाखव बरं, कसं धरतेस ते," ते म्हणाले. जैनब हाड आणायला वळली, तशी त्यांनी मान हलवली. "इथे नको. आत."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, आत आले आणि चादरीच्या कडेला बसले. जैनबने दंडाचं हाड काढलं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे माथा वर केला आणि क्षणात म्हणाली, "उजवं."

"आता या माणसाचं पोट कुठे आहे?"

"काय?"

"अगं, हे हाड ज्याचं, तो तुझ्यापुढे उभा आहे ना? त्याचं पोट तुझ्याकडे का पाठ?"

जैनबने हाडाची पुढची बाजू कुठे आहे ते पाहिलं. "पोट. माझ्याकडे."

दादामियाँ उठले. "चल बाहेर."

दुकानात एक लहान बकरा टांगलेला उरला होता. मागच्या पायांनी टांगलेला, खाली मान, पोट कापणाऱ्याकडे. "याचा उजवा पाय?" जैनबने आपल्या उजव्या हाताकडचा दाखवला. बरोबर होता. मग दादामियाँनी बकरा आकड्यावरून काढला, पुढच्या पायांना धरून मान वर येईल असा फिरवला आणि तसाच तिच्यासमोर उभा धरला. पोट पुन्हा तिच्याकडेच.

"आता?"

जैनबचा हात पुन्हा आपल्या उजवीकडच्या पायाकडे गेला आणि वाटेतच थांबला. उजवा पाय आता तिच्या डाव्या हाताला होता.

"पंधरा वर्षं तू टांगलेलं जनावर बघितलंस," दादामियाँ म्हणाले. "कॉलेजवाल्यांनी डोकं वर करायला सांगितलं, ते तू केलंस. पोट मात्र आपल्याकडेच ठेवलंस. तो तुझ्यासमोर नाही. त्याच्या जागी तू उभी राहा."

त्या रविवारपासून जैनब हाड समोर धरेनाशी झाली. ते आपल्या अंगाला लावायची, दंड दंडाला, मांडी मांडीला, आणि मग बोलायची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हेमाने पुन्हा घड्याळ लावलं. वीसपैकी एकोणीस आली.

सोमवार, १५ ऑक्टोबर. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी जैनब टेबलासमोर बसली. या वेळी सोलापूरहून आलेले डॉ. निंबर्गी परीक्षक होते, शेजारी कॉलेजच्याच डॉ. सुनीती आगटे. निंबर्गींनी पोटरीचं बारीक हाड पुढे सरकवलं. फिब्युला, विद्यार्थ्यांना सगळ्यात चकवणारं. हे तर वर्षानुवर्षांच्या हाताळणीने गुळगुळीत झालं होतं आणि घोट्याकडचं टोक झिजून बोथट झालं होतं. नेमका तिथलाच खळगा बाजू सांगतो.

जैनबने ते आपल्या डाव्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला लावलं, टोक घोट्यापाशी. अंगठ्याने चाचपलं. खळग्याची एक कड उरली होती, नखाएवढी. ती मागे जायला हवी होती. ती मागे गेली.

"डावं."

निंबर्गींनी समोरची यादी पाहिली. "नक्की?"

"हो, सर."

"हाड क्रमांक सात. आमच्या यादीत हे उजवं आहे." त्यांचा आवाज कठोर नव्हता. "तुम्ही मागच्या खेपेला बाजूवरच गेला होतात, असं दिसतंय. पुन्हा बघा. उत्तर बदलायचं असेल तर मी बदललेलं धरीन."

जैनबने पुन्हा हाड पायाला लावलं. टोकावर आता तिला खळगाही नीट लागेना, अंगठा घामाने ओला झाला होता. एक शब्द बदलला की सुटका होती. तिने ओढणीला अंगठा पुसला आणि तिसऱ्यांदा चाचपलं.

"डावंच आहे, सर."

"यादी तसं म्हणत नाही."

"यादीला हात लावून बघता येत नाही, सर," ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. "माफ करा."

डॉ. आगट्यांनी हाड मागून घेतलं. खिडकीपाशी नेलं, बराच वेळ फिरवलं. "ही यादी माझ्या आधीची आहे," त्या म्हणाल्या. "मला हे डावं वाटतं. पण टोकच उरलेलं नाही, शपथेवर सांगणार नाही."

"मला उजवं वाटतं," निंबर्गी म्हणाले. "यादी नसती तरी."

जैनबला बाहेर बसायला सांगितलं. साडेचार वाजता शिपाई श्याम याने हाड कागदात गुंडाळलं, कागदावर तिचा बैठक क्रमांक लिहिला आणि ते विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिला कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता निकाल लागला. दादामियाँ दुकान बंद करून तिच्याबरोबर आले होते आणि फलकापासून जरा दूर उभे होते. यादीत एकतीस क्रमांक होते. जैनबच्या क्रमांकापुढे उत्तीर्ण नव्हतं, अनुत्तीर्णही नव्हतं. "राखून ठेवला" असं शाईने लिहिलेलं होतं.

कारकुनाने सांगितलं की मुंबईच्या एका परीक्षकांना पत्र गेलं आहे. ते येऊन हाड बघतील आणि ते म्हणतील ते धरायचं, असं निंबर्गी आणि आगटे दोघांनी मान्य केलं आहे. कधी येतील हे पत्राचं उत्तर आल्यावर कळेल.

सोमवारी कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली. तोपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.